पऱ्हाटीच्या वावरातून परेडच्या मैदानावर

हिंगणघाटहून वडनेरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याने पहाटे निघालात, तर अंधारात पाचसहा पोरे कडेकडेने धावताना हमखास दिसतात. अंगात बनियन, पायात स्वस्तातले बूट, एखाद्याच्या हातात घड्याळ. ट्रकच्या उजेडात क्षणभर दिसतात आणि पुन्हा अंधारात जातात. थांबवून विचारले, ‘‘कायले धावून राहिले रे?’’ तर उत्तर एकच, ‘‘भरतीसाठी, काका.’’

आपल्या वर्धा जिल्ह्याची गंमतच आहे. एकीकडे सेवाग्राम, जिथे गांधीजी १९३६ साली राहायला आले, आणि दुसरीकडे पुलगाव, जिथे फौजेच्या दारूगोळ्याचे भले मोठे कोठार आहे. या दोहोंच्या मधल्या गावांतली कास्तकारांची पोरे मात्र फौजेकडे पाहतात ती नोकरी म्हणून, आणि थोडीशी अब्रू म्हणून. कोरडवाहू वावर, कापसाचा भाव कधी वर तर कधी खाली, आणि घरात बारावी झालेला मुलगा. मग तो पहाटे उठून धावू लागतो. घरचे एवढेच पाहतात. भरती झाल्यावर तिथे त्याचा दिवस कसा जातो, काय खातो, कोण रागावतो, कोण सांभाळतो, हे पुष्कळ आईबापांना शेवटपर्यंत कळत नाही. फोनवर विचारले तर पोरगा म्हणतो, ‘‘सगळं बराबर हाये.’’ तेवढ्यावर माउलीने समाधान मानायचे!

म्हणून हा लेख. माझ्या शेजारचा एक मुलगा असाच गेला. शाळेत माझ्या हाताखाली शिकलेला. त्याचे नाव आणि त्याच्या केंद्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तो आज नोकरीवर आहे. सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला ओसरीवर बसवून दोन संध्याकाळी सगळे विचारून घेतले. गावातल्या दोन जुन्या फौजींनाही विचारले. त्यातला एक सत्तरच्या दशकात सागरला शिकला होता. तो मधूनमधून म्हणे, ‘‘हे तं आमच्याच वेळचं सांगून राहिला.’’

एकुलता एक

मुलाच्या बापाला पाच एकर वावर. पऱ्हाटी, तूर, थोडे सोयाबीन. थोरली मुलगी दिलेली. हा एकुलता एक. त्याने भरतीचा अर्ज भरला तेव्हा त्याची माय माझ्याकडे आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, ‘‘गुरुजी, एकच तं पोरगा हाये. त्यालेबी धाडू का? तुमी सांगा न त्याले.’’

मी काय सांगणार? बाप म्हणाला, ‘‘जाऊ द्या. चार वर्सांनं वापस आला तं वावर हायेच.’’

ही चार वर्षांची गोष्ट वाचकांनी नीट समजून घ्यावी. जून २०२२ मध्ये सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तेव्हापासून शिपाई म्हणून जाणारा मुलगा ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठी जातो. प्रशिक्षणाचा काळ त्यातच धरलेला असतो. योजना जाहीर झाली तेव्हा ठरले ते असे: चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना पुढे कायम ठेवायचे, बाकीचे घरी. पहिल्या वर्षी महिना ३० हजार रुपये, त्यातले २१ हजार हाती आणि ९ हजार निधीत. चौथ्या वर्षी ही रक्कम ४० हजारांवर जाते. निधीत जेवढे मुलाचे तेवढेच सरकारचे, म्हणजे चार वर्षांनी सुमारे १० लाख ४ हजार रुपये आणि वर व्याज. पेन्शन नाही. ४८ लाखांचा विमा आहे, त्याचा हप्ता मुलाला भरावा लागत नाही. आणि चार वर्षे लग्न करता येत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे नोकरी लागली की दुसऱ्या दिवशी पाहुणे येऊ लागतात.

भरतीचा रस्ता थोडक्यात सांगतो. वर्धा जिल्हा नागपूरच्या सेना भरती कार्यालयाकडे येतो. २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम झाला आहे. पूर्वी उलटे होते. मैदानावर सोळाशे मीटर, म्हणजे जुना एक मैल, साडेपाच मिनिटांच्या आत धावला तर पुरे ६० गुण. दांड्याला लटकून दहा वेळा हनुवटी वर नेली तर ४० गुण. नऊ फुटांची चर उडी मारून पार करायची, आणि वाकड्यातिकड्या अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालायचे. पुढे डॉक्टरी तपासणी. यात कुठेही कोणाला लाच द्यावी लागत नाही. ‘‘माझी वर ओळख आहे’’ म्हणणारा कोणी घरी आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. वावर गहाण ठेवून अशा माणसाच्या हाती पैसे देणारी घरे मी पाहिली आहेत.

निवड झाल्यावर मुलगा कुठे जाणार हे पलटणीवर ठरते. आपल्याला सगळ्यांत जवळचे केंद्र कामठीचे. तिथे गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे. या पलटणीची उभारणी १९४९ साली झाली आणि तिच्यात पहिल्यापासून साऱ्या देशातली मुले एकत्र घेतली गेली. परमवीरचक्र मिळालेले अल्बर्ट एक्का हे याच पलटणीचे. १९७१ च्या युद्धात गंगासागरच्या लढाईत ते पडले. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली, तिचे केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. मराठा लाइट इन्फन्ट्री ही तर फार जुनी, तिची पहिली पलटण १७६८ सालची, आणि केंद्र बेळगावला. तोफखान्याचे केंद्र नाशिक रोडला, चिलखती दळाचे अहिल्यानगरला, इंजिनियरांचे पुण्याजवळ खडकीला. नाव कोणतेही असो, पहिले दहा आठवडे सगळीकडे जवळपास सारखेच.

पहिला दिवस

स्टेशनवर फौजी गाडी घ्यायला येते. केंद्राच्या फाटकातून आत गेले की पहिले काम न्हाव्याचे. ‘‘पाच मिनिटांत डोकं साफ,’’ मुलगा हसून सांगत होता. ‘‘गावाकडून हीरोसारखे केस ठेवून आलेले पोरं आरशात पाहूनच चुप झाले.’’ मग सामान मिळते: बूट, वर्दी, पीटीचे कपडे, कांबळे, दरी, मच्छरदाणी, थाळी, मग, आणि हे सगळे ठेवायला काळी लोखंडी पेटी. ही पेटी पुढे सारी नोकरी संपेपर्यंत सोबत राहते. गावातल्या जुन्या फौजीच्या घरी अजून ती आहे. तिच्यात आता ज्वारीचे बियाणे ठेवतात.

मोबाईल जमा होतो. आठवड्यातून ठराविक वेळी, बहुधा रविवारी, थोडा वेळ मिळतो. पहिल्या आठवड्यात फोन आला नाही म्हणून मायने दोन दिवस धड जेवण केले नाही. वाचकहो, पोरगा जाण्याआधीच हे विचारून ठेवा, म्हणजे उगाच जीव टांगणीला लागणार नाही.

बराकीत खाटांच्या दोन रांगा. एका बाजूला बिहारचा, दुसऱ्या बाजूला राजस्थानचा, समोर तामिळनाडूचा. बोली सगळी हिंदी. इथे आपल्या वऱ्हाडी-नागपुरी पोरांना फार जड जात नाही, कारण हिंगणघाटच्या बाजारात हिंदी कानावर पडतच असते. अडचण दुसरीच. आपली हिंदी ऐकून बाकीचे हसतात! ‘‘मैं आकर राहिला हूँ’’ असे हा पहिल्या दिवशी उस्तादांना म्हणाला आणि महिनाभर त्याला सगळे त्यावरून चिडवत होते.

उस्ताद म्हणजे शिकवणारा हवालदार किंवा नाईक. रंगरुटाच्या आयुष्यात उस्तादापेक्षा मोठा कोणी नाही. साहेब लोक दूर असतात. उस्ताद पहाटे उठवतो, रात्री मोजून झोपवतो, बुटाची नाडी कशी बांधायची ते शिकवतो, चुकला तर रगडतो आणि ताप आला तर दवाखान्यात नेतो.

पहाट ते रात्र

दिवस उगवायच्या आधीच बिगुल वाजतो. ऋतूप्रमाणे वेळ थोडी पुढेमागे होते, पण साडेचार-पाचच्या पुढे कोणी झोपत नाही. कास्तकाराच्या पोराला लवकर उठण्याचे नवल नसते. ओलिताची पाळी रात्री आली की आपणही उठतोच. नवल असते ते घाईचे. शंभर पोरे, मोजके नळ, दाढी रोज झालीच पाहिजे, बिछाना चौकोनी घडी करून ठेवलाच पाहिजे, आणि मगभर चहा पिऊन मैदानावर रांगेत उभे. एक जण उशिरा आला तर शिक्षा सगळ्यांना. हे मला आधी अन्यायाचे वाटले. मुलगा म्हणाला, ‘‘गुरुजी, पयल्या आठवड्यात राग येते. मंग आपणच बाजूच्याले उठवतो. तोच तं त्यायले पायजे असते.’’

पीटी साधारण तास-दीड तास. धावणे, दोरावर चढणे, दांड, उड्या, लोळणे. त्यानंतर नाश्ता. पुरी-भाजी, पराठे, कधी अंडी, दूध. लंगर म्हणजे तिथले स्वयंपाकघर. मायचा पहिला प्रश्न अर्थात हाच होता, ‘‘भाकर भेटते का?’’ भाकर भेटत नाही. पोळी, वरण, भात, भाजी भेटते, आणि पोटभर. मांसाहार खाणाऱ्याला मांसाहार, न खाणाऱ्याला वेगळे. ‘‘अन्न चांगलं हाये, पण बिनतिखटाचं,’’ हे त्याचे मत. वाढून घ्यायला बंदी नाही, टाकायला आहे. जेवायला वेळ थोडा. पंधरा मिनिटांत थाळी धुऊन उभे राहायचे. महिन्यात त्याचे वजन चार किलोने उतरले आणि पुढच्या दोन महिन्यांत पाच किलोने चढले.

नाश्त्यानंतर ड्रिल. सावधान, विश्राम, दाहिने मुड़, तेज चल, थम. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, पाय आपटण्यात काय एवढे? पण चाळीस माणसांचा पाय एकाच क्षणी पडायला आठवडेच्या आठवडे जातात. काही पोरांचा उजवा पाय आणि उजवा हात एकदमच पुढे जातो. गावात जन्मभर नीट चाललेला माणूस ‘तेज चल’ म्हटले की चालणेच विसरतो! आमचा मुलगा त्यातलाच. रात्री बराकीच्या मागे त्याने राजस्थानच्या सोबत्याबरोबर गुपचूप सराव केला. हुकूम ऐकताक्षणी अंग हलले पाहिजे, डोक्याने विचार करायला थांबता कामा नये, हे ड्रिल शिकवते. गोळ्या सुटू लागतात तेव्हा याचा उपयोग, असे जुना फौजी म्हणाला.

मग हत्यारांचा तास. पहिले कित्येक दिवस गोळी नाहीच. रायफल उघडायची, पुसायची, जोडायची, पुन्हा उघडायची. प्रत्येक भागाचे नाव पाठ. आपल्या रायफलीचा नंबर झोपेत विचारला तरी सांगता आला पाहिजे. रायफल चार किलोच्या वर जाते. मैलभर धावताना ती हातात असली की दहा किलोची वाटते, म्हणाला. श्वास कसा रोखायचा, घोडा कसा हळूच दाबायचा, हे रिकाम्या रायफलीवर शेकडो वेळा करून घेतात. गोळीबाराच्या मैदानावर पहिल्यांदा गेला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. पाच गोळ्यांतली एकच निशाणाच्या जवळ गेली. झाडल्यानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात, आणि आपल्याजवळ जिवंत काडतूस किंवा पुंगळी उरलेली नाही असे प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे. एक पुंगळी कमी भरली तर सगळी फलटण गवतात ओणवी होऊन शोधते. ‘‘निंदण करताना वाकायची सवय होती म्हणून बरं,’’ असे म्हणून तो खूप हसला.

दुपारी जेवण, थोडी विश्रांती, मग वर्ग. नकाशा वाचणे, प्रथमोपचार, पलटणीचा इतिहास. उकाड्यात, सकाळच्या मेहनतीनंतर, पंख्याखाली बसून कोणाला डुलकी आली तर उस्ताद त्याला मागे उभे करतो. मी मास्तर असल्याने ही युक्ती मला ओळखीची वाटली. संध्याकाळी खेळ, किंवा झाडणे, गवत काढणे, चुना मारणे अशी कामे. नंतर गिनती, म्हणजे हजेरी. रात्री जेवण, बूट चमकवणे, दुसऱ्या दिवशीची वर्दी इस्त्री करणे, आणि दहाच्या सुमारास दिवे बंद. मधूनमधून रात्रीचा पहाराही येतो. दोन तास काळोखात उभे राहून पुन्हा पहाटेच्या पीटीला हजर.

रविवार तेवढा हलका. कपडे धुणे, मंदिर परेड, फोन. फोनवर मायशी बोलताना मागे पंधरा पोरे आपल्या पाळीची वाट पाहत उभी. त्यामुळे ‘‘सगळं बराबर हाये’’ याहून जास्त काय बोलणार?

पायदळ आणि तोफखान्यात हे सगळे ३१ आठवडे चालते. पहिले दहा आठवडे मूळ शिक्षण, पुढचे एकवीस आठवडे ज्याच्या त्याच्या शस्त्राचे आणि कामाचे. अग्निपथच्या आधी पायदळाच्या रंगरुटाला साधारण नऊ महिने मिळत. जुना फौजी म्हणतो, घाई झाली आहे. मुलगा म्हणतो, आता पोरे जास्त शिकलेली असतात, भराभर उचलतात. या वादात मी पडत नाही.

पायाचे दुखणे

आता ज्या गोष्टीसाठी मी खरा लेखणी घेऊन बसलो ती सांगतो.

सातव्या आठवड्यात मुलाच्या डाव्या नडगीत दुखू लागले. आधी धावताना, मग चालतानाही. त्याने कोणाला सांगितले नाही. बाजूच्याकडून मलम घेऊन चोळले, पट्टी बांधली, धावत राहिला. कारण एकच भीती: दवाखान्यात गेलो तर मागे पडेन, मागे पडलो तर घरी पाठवतील, घरी गेलो तर गाव हसेल. दहा दिवसांनी एका सकाळी त्याला बूट घालताच येईना. उस्तादाने चालताना पाहिले आणि काही न विचारता दवाखान्यात नेले. नडगीच्या हाडाला बारीक तडा.

हे दुखणे रंगरुटांमध्ये जगभर आढळते. शरीराचा एक हिशेब आहे. धावण्याचा सराव सुरू केला की दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला मात्र जास्त वेळ लागतो. दम पुरतो म्हणून माणूस अंतर वाढवत जातो, आणि हाड मागे राहते. त्यात कठीण जमीन, जड बूट, पाठीवर ओझे, झोप कमी. मग हाडाला केसासारखी चीर पडते. यावर गोळी नाही, मालिश तर मुळीच नाही. इलाज एकच, विश्रांती, बहुधा सहा ते आठ आठवडे. दाबून धावत राहिले तर चिरीचे पुरते मोडणे होते.

भरतीसाठी धावणाऱ्या पोरांच्या आईबापांनी म्हणून काही गोष्टी घरीच पाहाव्या. परीक्षेचा निकाल लागल्यावर महिनाभरात रोज दहा किलोमीटर धावून तयारी होत नाही. चार-सहा महिने आधी सुरुवात करावी, अंतर हळूहळू वाढवावे, आठवड्यात एक-दोन दिवस पाय मोकळे सोडावे. डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट बरी, आणि मोठ्या रस्त्यावर वाहनांचे भय आहे ते वेगळेच. बुटाचा तळ झिजला की बूट बदलावे. बाकी ठिकाणी काटकसर करा. दूध, डाळ, अंडी चालत असतील तर अंडी, यांत कंजुषी नको. आपल्याकडे पोरगा धावून येतो आणि कोरा चहा पिऊन वावरात जातो. आणि ताकदीच्या म्हणून कोणी पुड्या किंवा सुया देत असेल तर त्याच्या जवळ फिरकू देऊ नका.

मुलाला मागच्या तुकडीत टाकले. ज्यांच्यासोबत आला होता ती पोरे पुढे गेली. राजस्थानचा सोबती दुसऱ्या बराकीत. हा काठी घेऊन आवारात हिंडायचा आणि बाकीचे परेड करताना पाहायचा. तेव्हा एका रविवारी त्याने घरी फोन केला. मी योगायोगाने तिथेच बसलो होतो.

‘‘माय, मी येऊन राहिलो वापस. अर्ज देतो.’’

माय गप्प. मला वाटले, आता हिला आनंद होईल. हिला तर पाठवायचेच नव्हते. बाप चुलीजवळ उभा राहून ऐकत होता.

थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘ते तुले धाडून राहिले, का तू येऊन राहिला?’’

‘‘मीच.’’

‘‘मंग पाय बरा होऊ दे पयले. लंगडत नोको येऊ. पाय बरा झाला का मंग बोलू.’’

फोन संपला. तिने तो फडताळात ठेवला आणि पीठ मळायला बसली. नंतर दीड महिना या विषयावर ती कोणाशी बोलली नाही. बापाने एकदा मला विचारले, ‘‘गुरुजी, मी जाऊन आणू का त्याले?’’ मी म्हटले, माउलीने सांगितले तसे होऊ द्या.

पाय बरा झाला. त्याने अर्ज दिला नाही. का, ते मी विचारले. म्हणाला, ‘‘नव्या तुकडीत मी सगळ्यात जुना. त्यायले खाट लावायचं, नाडी बांधायचं मीच शिकवत होतो. मंग जावं कसं?’’

कसम परेड

शिक्षण संपले की कसम परेड. त्या दिवशी रंगरूट शपथ घेऊन शिपाई होतो. आईबापांना बोलावणे येते. हिंगणघाटहून माय, बाप, बहीण, जावई आणि मी असे पाच जण निघालो. मायने नवे लुगडे नेसले होते आणि पिशवीत पाच भाकरी, ठेचा आणि तिळाची चटणी.

मैदानावर बँड वाजू लागला आणि रांगा आल्या. सगळे एकसारखे. तीच वर्दी, तेच डोके, तीच चाल. माय घाबरली. ‘‘आपला कोनता?’’ जावई एकाकडे बोट दाखवी, बहीण दुसऱ्याकडे. शेवटी बाप म्हणाला, ‘‘तिसऱ्या रांगेत, डाव्या हाताले. कान पाहा त्याचे.’’ कान खरेच त्याच्या आज्यासारखे बाहेर आलेले!

राष्ट्रध्वज आला. धर्मगुरू ग्रंथ घेऊन उभे राहिले: पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री. ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथाच्या साक्षीने शपथ घेतली, जमिनीवर, पाण्यावर, हवेतून, जिथे पाठवाल तिथे जाईन अशी. शेकडो गळ्यांतून एकदम आवाज निघाला तेव्हा बाप नकळत उभा राहिला आणि संपेपर्यंत उभाच होता. मागच्यांनी बसा म्हटले नाही.

अनेक केंद्रांत आता एक चांगली पद्धत आहे. परेड संपली की आईबापांना ‘गौरव पदक’ देतात. मायच्या पदराला ते लावले. तिने दोनदा हात लावून पाहिले आणि मग पदर पुढे ओढून झाकून घेतले. गर्दीत पडेल म्हणून.

जेवणाच्या वेळी मुलगा आला. आधी बापाच्या पाया पडला, मग मायच्या, मग माझ्या. मायने त्याच्या तोंडाकडे पाहिलेच नाही. खाली वाकून पँटच्या वरून डावी नडगी दाबून पाहिली. ‘‘इथं व्हती का?’’ चमकदार बुटांच्या त्या गर्दीत तो लाजला, पण पाय मागे घेतला नाही. मग भाकरी सुटल्या. तामिळनाडूच्या एका पोराचे घरचे येऊ शकले नव्हते. तोही बसला. ठेच्याचा पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. माय म्हणाली, ‘‘राहू दे बापा, साखर खाय.’’ त्याला शब्द कळला नाही, साखर कळली.

जाता जाता मुलींविषयी. आमच्या शाळेतल्या दोन मुली विचारतात, आम्हाला नाही का? आहे. लष्करात शिपाई म्हणून मुलींना मिलिटरी पोलिसांत घेतात. त्यांची ८३ जणींची पहिली तुकडी बंगळूरला शिकून मे २०२१ मध्ये बाहेर पडली. जागा थोड्या असतात, पण वाट उघडी झाली आहे. पहाटे धावणाऱ्या पोरांच्या मागे एखादी पोर दिसली तर वाईट बोलू नये.

सुट्टी

तो पोळ्याला घरी होता. पहाटे साडेचारला उठून बसे. गोधडीची अशी चौकोनी घडी घाली की बहीण हसून हसून पडे. पाच मिनिटांत जेवण उरकी. माय चिडून म्हणे, ‘‘कोनी मागं लागलं का तुह्या?’’ दोन दिवसांनी मात्र तो बापासोबत वावरात डवरणीला गेला आणि तिसऱ्या दिवशी फवारणीचा पंप पाठीवर घेतला. हा पंप आपल्या तिथल्या पिट्टूपेक्षा जड आहे, असे संध्याकाळी मला म्हणाला. नाकातोंडाला फडके बांधून फवारतो, ते बाप पाहत होता. बाप स्वतः कधी बांधत नसे. आता बांधतो.

पहाटे धावणाऱ्या पोरांना तो एके दिवशी रस्त्यावरून हाताने धरून पांदणीवर घेऊन गेला. दोघांना नडगी दुखते का विचारले. एक नाही म्हणाला, आणि दुसरा काही बोलला नाही. त्या दुसऱ्याला त्याने पंधरा दिवस धावू दिले नाही. त्या पोराचा बाप भांडायला आला होता. भरती तोंडावर आली आणि तुम्ही माझ्या पोराला बसवून ठेवता! मुलाने त्याला खाटेवर बसवले आणि आपला फोटो दाखवला, काठी घेऊन उभा असलेला.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली त्यानेच बैल धरले. गावातली पोरे ओरडू लागली, ‘‘तेज चल! तेज चल!’’ बैल भडकले आणि शिपाईदादा पऱ्हाटीच्या धुऱ्यापर्यंत त्यांच्यामागे धावत गेले.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मायने विचारले, ‘‘आता कुठं?’’

‘‘उत्तरेकडं. पुढचं सांगता येत नाही.’’

‘‘थंडी असन?’’

‘‘असन.’’

तिने काही म्हटले नाही. पेटी उघडून तळाला गौरव पदकाची डबी दिसते का पाहिली. त्याने ती गुपचूप सोबत घेतली होती. तिने ती काढून घेतली, तिच्या जागी ठेच्याचा डबा बसवला, वरून कांबळे दाबले आणि कडी लावली.